‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’चा कागद हातात आल्यावर: फिब-४, फायब्रोस्कॅन आणि नवी औषधं

यकृतायन

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर खालच्या बाजूला ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ अशी ओळ येते आणि घरात लगेच दोन पंथ पडतात. एक म्हणतो, हल्ली सगळ्यांनाच असतं. दुसरा उद्यापासून तूप बंद करतो. पहिल्या पंथाकडे आकडा आहे: भारतातले आधीचे अभ्यास एकत्र करून दिल्लीच्या एम्समधल्या गटाने २०२२ मध्ये जो हिशेब मांडला, त्यात प्रौढांमधलं प्रमाण ३८.६ टक्के निघालं. पण दोघेही बघतात ती ‘ग्रेड’, आणि ग्रेड म्हणजे फक्त चरबीचा अंदाज.

यकृताचं पुढे काय होणार हे ठरतं फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात व्रणाच्या धाग्यांचं जाळं किती विणलं गेलंय यावर. २०१५ मध्ये अमेरिका, युरोप आणि थायलंडमधल्या बायॉप्सी (सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणी) झालेल्या ६१९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठपुरावा साधारण साडेबारा वर्षांचा. बायॉप्सीत चरबी, सूज, पेशी फुगणं असं सगळं मोजलं होतं. मृत्यू आणि प्रत्यारोपणाशी सुटं नातं जुळलं ते एकट्या फायब्रोसिसच्या पायरीचं. पायऱ्या एफ० ते एफ४, एफ४ म्हणजे सिरोसिस.

फायब्रोसिसची पहिली चाळणी फुकट आहे, कारण तिला लागणारे आकडे बहुतेकांच्या फायलीत आधीच असतात. तिचं नाव फिब-४. त्यातली एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या रक्ततपासणीत मोजली जाणारी दोन एन्झाइम.

वय × एसजीओटी, भागिले (प्लेटलेट × एसजीपीटीचं वर्गमूळ).

उदाहरण: वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.९० लाख.
वर: ५२ × ४८ = २४९६.
खाली: ६४ चं वर्गमूळ ८; १९० × ८ = १५२०.
उत्तर १.६४.

१.३ च्या खाली असेल तर पुढारलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. वजन, साखर, रक्तदाब सांभाळायचा आणि १ ते ३ वर्षांनी पुन्हा गणित. २.६७ च्या वर असेल तर थेट यकृततज्ज्ञ. मधल्यांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा निबरपणा मोजणारी तपासणी. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची रेघ १.३ ऐवजी २.० धरतात, कारण सूत्रात वय वरच्या मजल्यावर बसलंय, नुसत्या वाढदिवसांनीच आकडा फुगतो. ३५ च्या आतल्यांना हे सूत्र नीट लागू पडत नाही.

फॅटी लिव्हरच्या आजाराचं नाव बदललंय तेही सांगून ठेवतो. जून २०२३ पासून ‘एनएएफएलडी’ जाऊन ‘एमएएसएलडी’ आलं, आणि सूज असलेल्या प्रकाराचं ‘नॅश’ जाऊन ‘मॅश’. जुन्या नावात ‘दारूमुळे नसलेलं’ एवढाच अर्थ होता. नव्या नावात कारण आहे, चयापचयातला बिघाड. यकृतात चरबी आणि सोबत यांपैकी एक तरी हवं: बीएमआय २३ च्या वर (आशियाई लोकांसाठी) किंवा कंबर वाढलेली, उपाशीपोटी साखर १०० किंवा एचबीएवनसी ५.७ च्या वर, रक्तदाब १३०/८५, ट्रायग्लिसराइड १५०, किंवा चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४० आणि स्त्रीत ५० च्या खाली.

---

नळीतला नमुना

गणित बरोबर आहे, पण आकडे भरताना लोक कुठे घसरतात ते लिहितो.

पहिली घसरण प्लेटलेटच्या एककावर. आपल्याकडे रिपोर्ट लाखात येतो. सूत्राला हवेत हजारात. १.९० लाख म्हणजे १९०. काही ठिकाणी १,९०,००० असं छापतात, तेही १९०च. थेट १.९ भरलं तर उत्तर १६४ येतं, ते निदान चूक म्हणून ओळखता तरी येतं. वर्गमूळ विसरलात तर वरच्याच उदाहरणात उत्तर ०.२ येतं आणि माणूस निर्धास्त होतो. ही चूक जास्त वाईट. एसजीओटी आणि एसजीपीटीची अदलाबदल झाली तर १.६४ चं २.५३ होतं. ओटी म्हणजे एएसटी, पीटी म्हणजे एएलटी, कागदावर लिहून ठेवा.

दुसरी घसरण नमुन्यातच. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळ्या टोपीच्या नळीत काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. मशीन गुठळी एकच मोजतं आणि रिपोर्ट येतो ७० हजार. माणसाला काहीही झालेलं नसतं. स्मिअरवर (काचपट्टीवर पसरून बघितलेल्या रक्ताच्या शेऱ्यात) ‘प्लेटलेट क्लम्प्स सीन’ असं लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर फिब-४ काढू नका. निळ्या टोपीच्या सायट्रेट नळीत पुन्हा नमुना द्यायचा. तिथे ९ भाग रक्ताला १ भाग द्रव असतो, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात.

तिसरी, एसजीओटी फक्त यकृतातच नसतं. स्नायूत असतं, लाल पेशींत असतं. आदल्या दिवशी जिममध्ये जोर-बैठका झाल्या असतील किंवा रक्त काढताना पेशी फुटल्या असतील (रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा येतो) तर ते वाढलेलं दिसतं.

आणि पावसाळ्यात डेंग्यू. प्लेटलेट खाली, एसजीओटी वर, आणि बहुधा पीटीपेक्षा ओटी जास्त वाढलेलं. म्हणजे सूत्राच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने खोट्या. त्या आठवड्यातल्या कागदावर फिब-४ काढलं तर धडधाकट माणूस सिरोसिसचा निघेल.

---

शंकासूर

एसजीपीटी नॉर्मल असेल तर एवढा खटाटोप कशाला?

---

यकृतायन

कारण ‘नॉर्मल’ची रेघ प्रयोगशाळेगणिक ४०, ४५, ५५ अशी हलते. निरोगी यकृताची रेघ पुरुषात साधारण ३३ आणि स्त्रीत २५ च्या आसपास धरावी असा यकृततज्ज्ञांचा आग्रह आहे. दुसरं म्हणजे एसजीपीटी आत्ताची पडझड सांगतं, साठलेला व्रण सांगत नाही. फायब्रोसिस पुढारलेला असूनही पीटी ३० असू शकतं. मधुमेह असेल तर पीटी कितीही असो, फिब-४ काढाच.

---

इकोवाला

सोनोग्राफीची बाजू. ग्रेड ठरते ती डोळ्याने. यकृताचा उजळपणा शेजारच्या उजव्या मूत्रपिंडाशी ताडून बघतात. नुसतं उजळ, पण आतल्या शिरांच्या कडा आणि पडदा (छाती-पोटामधला, डायफ्रॅम) स्पष्ट: ग्रेड १. कडा धूसर: ग्रेड २. मागचा भाग आणि पडदा दिसेनासा: ग्रेड ३. मशीनचा गेन (चित्राचा उजळपणा) थोडा वाढवला की १ चं २ होतं, त्यामुळे दोन सेंटरच्या ग्रेड शेजारी ठेवून ‘सुधारलं’, ‘बिघडलं’ म्हणू नका. चरबी २०-३० टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या सोनोग्राफीत ती निसटतेही.

आणि एक विचित्र गोष्ट. सिरोसिसकडे सरकताना यकृतातली चरबी कमी होत जाते. म्हणजे ग्रेड ३ ची ग्रेड १ झाली याचा अर्थ दरवेळी चांगलाच नसतो. प्लीहा वाढलीय का, यकृताचा पृष्ठभाग खडबडीत आहे का, पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) किती मिलिमीटर आहे, या ओळी आधी वाचा. त्या मधेच कुठेतरी बारीक अक्षरात असतात.

आता फायब्रोस्कॅन. हे चित्र काढणारं मशीन नाही. प्रोबचं टोक कातडीवर टिचकी मारतं, ५० हर्ट्झची लहर यकृतातून जाते आणि तिचा वेग मोजला जातो. कोवळ्या भेंडीतून आणि निबर भेंडीतून सुरी वेगळी जाते, तसं; फक्त इथे निबर यकृतात लहर जास्त वेगाने पळते. वेगाचा वर्ग गुणिले तीन म्हणजे किलोपास्कल, निबरपणाचं माप. सेकंदाला १.५ मीटर वेग असेल तर ६.७५, २ मीटर असेल तर १२. वेग थोडाच वाढला तरी आकडा किती उडी मारतो ते यावरून कळेल.

तपासणीआधी किमान ३ तास पोटात काही नको. जेवणानंतर यकृताकडे रक्त जास्त वाहतं आणि आकडा फुगतो. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे, म्हणजे बरगड्यांमधली फट उघडते. प्रोब काखेखालच्या रेषेत दोन बरगड्यांमध्ये, कातडीला काटकोनात. श्वास सहज सोडून क्षणभर थांबायचं. दहा वैध मोजण्या हव्यात.

रिपोर्टवर तीन गोष्टी बघा. मध्यक किलोपास्कल, त्याशेजारी आयक्यूआर (मोजण्या एकमेकींपासून किती विखुरल्या ते), आणि प्रोब एम की एक्सएल. आयक्यूआर भागिले मध्यक हे ३० टक्क्यांच्या आत हवं. ७.४ ला १.१ असेल तर १५ टक्के, विश्वासार्ह. ९.६ ला ४.१ असेल तर ४३ टक्के, तो कागद बाजूला ठेवा आणि पुन्हा करून घ्या. कातडीपासून यकृतापर्यंतचं अंतर २५ मिलिमीटरच्या वर असेल तर एक्सएल प्रोब लागतो. सुटलेल्या पोटावर एम प्रोब वापरला की मोजणी एकतर होत नाही, नाहीतर चुकीची जास्त येते.

८ किलोपास्कलच्या खाली दिलासा, ८ ते १२ मधलं, १२ च्या वर पुढारलेल्या फायब्रोसिसची दाट शक्यता. सोबत येणारा कॅप हा चरबीचा आकडा, १०० ते ४०० मध्ये. २७५ च्या वर चरबी आहे असं धरायला हरकत नाही. पण कॅपवरून एस१, एस२, एस३ असे जे शेरे छापतात, त्यांच्या रेघा वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळ्या आहेत. त्यावर भांडत बसू नका.

---

मधली सुट्टी

१२ च्या वर आलं म्हणजे संपलंच का? वाचूनच धडकी भरली.

---

इकोवाला

नाही. आधी खोटी वाढ वगळायची. पीटी दोनशे-तीनशे असताना (ताजी कावीळ) निबरपणा वाढलेला दिसतो. पित्तनलिका अडली असेल, हृदयाची उजवी बाजू कमजोर होऊन यकृतात रक्त साठलं असेल, तपासणीच्या आधीच्या दिवसांत दारू भरपूर झाली असेल, तरीही. ही कारणं गेली की आकडा खाली येतो. शिवाय पोटात पाणी झालेलं असेल तर ही तपासणीच करत नाहीत, लहर पाण्यातून जात नाही.

---

मापटं

दारूचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा, कारण ‘अधूनमधून घेतो’ हे माप नव्हे.

व्हिस्की, रम, गोव्याची फेणी, सगळ्यांत साधारण ४२.८ टक्के. ३० मिलीच्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे १० ग्रॅम. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६१ ग्रॅम. ६५० मिलीची माइल्ड बिअर (५ टक्के) २६ ग्रॅम, स्ट्राँग (८ टक्के) ४१ ग्रॅम.

नव्या वर्गवारीत पुरुषासाठी आठवड्याला २१० ग्रॅम आणि स्त्रीसाठी १४० ग्रॅम ही पहिली रेघ. तिच्या आत असाल आणि चयापचयाचा एखादा बिघाड असेल तर एमएएसएलडी. पुरुष २१० ते ४२०, स्त्री १४० ते ३५० असेल तर ‘मेटएएलडी’, म्हणजे दोन्ही कारणं एकत्र. त्यावर गेलं की सरळ दारूचा यकृतविकार. रोज एक क्वार्टर म्हणजे आठवड्याला ४२६. ‘मी कधी क्वार्टरच्या वर जात नाही’ हे अभिमानाने सांगणारा माणूस थेट तिसऱ्या रकान्यात बसतो.

या रेघा वर्गवारीसाठी आहेत, तेवढी प्यायला मुभा म्हणून नव्हेत. फायब्रोसिस असलेल्याला सुरक्षित माप शून्य.

---

शंकासूर

बरं, मूळ मुद्दा. वर्तमानपत्रात येतं, ‘फॅटी लिव्हरवर पहिलं औषध आलं’. मग दुसऱ्या महिन्यात दुसरं पहिलं औषध येतं. यात खरं किती?

---

काचपट्टी

खरं आहे, पण दोन्ही औषधं सरसकट ‘फॅटी लिव्हर’वर नाहीत. मॅश आणि सोबत एफ२ किंवा एफ३ फायब्रोसिस असलेल्यांसाठी आहेत. एफ० वाल्याला नाहीत आणि सिरोसिस झालेल्यालाही त्यांची मान्यता नाही.

रेसमेटिरोम: अमेरिकेत १४ मार्च २०२४ ला मान्यता. यकृतातल्या थायरॉइड हार्मोनच्या बीटा ग्राहकावर काम करतं आणि चरबी जाळण्याची गती वाढवतं. वजन १०० किलोच्या आत असेल तर ८० मिलिग्रॅम, त्यावर १००. मॅएस्ट्रो-नॅश चाचणीत ९६६ रुग्ण, ५२ आठवड्यांनी पुन्हा बायॉप्सी. सूज निवळली: ८० च्या गटात २५.९ टक्के, १०० च्या गटात २९.९, नुसत्या साखरगोळीवर (प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेली बिनऔषधाची गोळी) ९.७. फायब्रोसिस किमान एक पायरी उतरला: २४.२, २५.९ आणि १४.२. त्रास मुख्यतः जुलाब आणि मळमळ, सुरुवातीच्या आठवड्यांत.

सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅम, आठवड्याला एक इंजेक्शन: मॅशसाठी अमेरिकेत ऑगस्ट २०२५ ला मान्यता. एसेन्स चाचणीचे पहिल्या ८०० रुग्णांचे ७२ आठवड्यांचे निकाल एप्रिल २०२५ मध्ये आले. सूज निवळली ६२.९ विरुद्ध ३४.३ टक्के. फायब्रोसिस उतरला ३६.८ विरुद्ध २२.४. वजन औषधाच्या गटात १०.५ टक्क्यांनी घटलं, दुसऱ्यात २.

साधी वजाबाकी करा. फायब्रोसिसच्या बाबतीत सेमाग्लुटाइडचा स्वतःचा वाटा १४.४ टक्के, म्हणजे सात जणांना दीडएक वर्ष टोचावं तेव्हा एकाची पायरी औषधामुळे उतरते. रेसमेटिरोम १०० चा वाटा ११.७, म्हणजे साधारण नवांत एक. बातमीत छापतात ते ६२.९. साखरगोळीवरच्या ३४.३ चा पत्ता नसतो.

---

शंकासूर

साखरगोळीवर एक तृतीयांश लोकांची सूज जाते? मग चाचणीच ढिसाळ म्हणायची.

---

काचपट्टी

ढिसाळ नाही, मोजमापच असं आहे. बायॉप्सीच्या सुईत येणारा तुकडा अख्ख्या यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग. दोन सेंटिमीटर लांबीचा, अकराएक पोर्टल ट्रॅक्ट (यकृतातल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांच्या जुड्या) असलेला तुकडा चांगला म्हणायचा. रोग सगळीकडे सारखा पसरलेला नसतो; दुसऱ्या वेळी सुई दोन बोटं बाजूला गेली की पायरी बदलू शकते. फुगलेल्या पेशींना ० ते २ गुण देतात, आणि ‘ही पेशी फुगलेली म्हणायची का’ यावर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होईलच असं नाही. त्यातून चाचणीत घेतलेली माणसं सूज जास्त असतानाच निवडलेली असतात. पुढच्या वेळी काहींची आपोआप उतरते. आणि चाचणीत आल्यावर माणूस जरा जपून खातोच.

म्हणून तर साखरगोळीचा गट लागतो. त्याच कसोटीवर बरीच औषधं आपटली: सेलॉन्सर्टिब २०१९ मध्ये, एलाफिब्रानॉर २०२० मध्ये. ओबेटिकोलिक ॲसिडने फायब्रोसिस थोडा उतरवला, पण खाज आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल यांच्यासकट. जून २०२३ मध्ये अमेरिकेने मॅशसाठी मान्यता नाकारली.

---

यकृतायन

टिर्झेपाटाइडची भर घालतो. सिनर्जी-नॅश, २०२४, दुसऱ्या टप्प्याची चाचणी, १९० रुग्ण, ५२ आठवडे. ५, १० आणि १५ मिलिग्रॅमच्या गटांत सूज निवळली ४४, ५६ आणि ६२ टक्के, साखरगोळीवर १०. आकडे देखणे आहेत, पण चाचणी लहान. भारतात टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आणि २.४ मिलिग्रॅमचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आलं.

इंजेक्शन सुरू करणाऱ्यांसाठी: सेमाग्लुटाइड ०.२५ पासून सुरू होतं आणि दर ४ आठवड्यांनी ०.५, १, १.७ असं चढत १६ आठवड्यांनंतर २.४ वर पोचतं. पायरी गाळली की उलट्या. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर आधीच बदल असतील तर सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्या. शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी ठरली तर भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगा. जठर हळू रिकामं होतं, बारा तास उपाशी राहूनही आत अन्न असू शकतं.

---

मधली सुट्टी

आपल्याकडे सॅरोग्लिटाझार सर्रास लिहून देतात ना?

---

काचपट्टी

हो. भारतीय औषध. २०१३ मध्ये मधुमेहातल्या वाढलेल्या ट्रायग्लिसराइडसाठी मान्यता, मार्च २०२० मध्ये सिरोसिस नसलेल्या नॅशसाठी. ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. अमेरिकेत १०६ रुग्णांवर १६ आठवड्यांची चाचणी झाली: ४ मिलिग्रॅमवर एसजीपीटी ४५.८ टक्क्यांनी उतरलं, यकृतातली चरबी १९.७ टक्क्यांनी घटली. लक्षात घ्या, मोजलं ते पीटी आणि चरबी. सोळा आठवड्यांत व्रण भरला का हे कळत नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेला मधुमेही असेल तर हे औषध शहाणपणाचं. फक्त ‘ग्रेड १’ दिसली म्हणून सडपातळ माणसाला देणं मला पटत नाही.

---

नळीतला नमुना

आणि ‘लिव्हर टॉनिक’? प्रिस्क्रिप्शनवर उर्सो नसेल तर पेशंटला चुकल्यासारखं वाटतं.

---

काचपट्टी

उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची चाचणी २००४ मध्येच झाली. १६६ रुग्ण, किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम, दोन वर्षं. बायॉप्सीत साखरगोळीपेक्षा काहीही सरस निघालं नाही. पित्ताच्या ठरावीक आजारांत ते कामाचं आहे, फॅटी लिव्हरमध्ये नाही.

व्हिटॅमिन ई वेगळं. २०१० ची पिव्हेन्स चाचणी, मधुमेह नसलेले २४७ रुग्ण, रोज ८०० युनिट, ९६ आठवडे: ४३ टक्क्यांत सुधारणा, साखरगोळीवर १९. पण फायब्रोसिस उतरल्याचं दिसलं नाही. मेडिकलमध्ये मिळणारी हिरवी कॅप्सूल ४०० मिलिग्रॅमची असते. मनाने दोन-दोन घेत राहू नका.

---

शंकासूर

म्हणजे शेवटी काढा आणि गुळवेलच बरी. निदान साइड इफेक्ट तरी नाहीत.

---

यकृतायन

नेमकं उलट. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल छापला. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी लोक काढे पीत होते तेव्हाची गोष्ट. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद केली. सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत मध्यक काळ ४६ दिवस. बऱ्याच जणांत चित्र स्वयंप्रतिकार कावीळीसारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटलेली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीच्या जागी तिचीच दिसायला सारखी दुसरी जात असावी. तो आक्षेप खरा मानला तरी विकत घेणाऱ्याला दोन वेलींतला फरक कुंपणावर कळत नाही, हा प्रश्न उरतोच. थायरॉइड, संधिवात असे स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांनी तर दूरच राहावं.

ग्रीन टीचा प्यालेला चहा वेगळा आणि वजन घटवण्याच्या गोळ्यांतला त्याचा अर्क वेगळा. अर्काने यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. कॉफीच्या बाजूने मात्र पुरावा बरा आहे. बिनसाखरेची, अर्थात.

---

भाकरतुकडा

आहाराकडे कुणी आलंच नाही म्हणून मीच येते.

वजन घटवण्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा क्यूबामधला, २०१५ चा. २९३ रुग्ण, ५२ आठवडे, गरजेपेक्षा रोज ७५० कॅलरी कमी आणि आठवड्याला २०० मिनिटं चालणं, शेवटी पुन्हा बायॉप्सी. वजन १० टक्के किंवा जास्त घटलेल्यांपैकी ९० टक्क्यांची सूज गेली, ४५ टक्क्यांचा फायब्रोसिस उतरला. वरच्या कुठल्याही औषधापेक्षा सरस. आता दुसरी बाजू: २९३ पैकी इथवर पोचले फक्त २९. उपाय उत्तम, पाळणारे दहांत एक. इंजेक्शनांची जागा तिथे आहे.

७८ किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे ३.९ किलो, १० टक्के म्हणजे ७.८. ध्येय किलोत लिहा, ‘थोडं कमी करायचंय’ असं नको. सडपातळ असूनही फॅटी लिव्हर असेल तर ३ ते ५ टक्क्यांनीही फरक पडतो. त्यांनी कंबर मोजावी, पुरुष ९० आणि स्त्री ८० सेंटिमीटर ही रेघ.

तूप बंद करणाऱ्या पंथाने आधी चहा बघावा. दिवसात चार कप, कपाला दोन चमचे साखर, चमच्याला ५ ग्रॅम: ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. गूळ घातला तरी गणित तेच. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृतच लावतं, बरीचशी चरबी करून. म्हणून फळाचा रस नको, फळ चालेल.

उपवासाने यकृताला विश्रांती मिळते असं म्हणतात. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू आणि वर शेंगदाण्याची चिक्की, याला विश्रांती म्हणायचं असेल तर म्हणा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच.

ताटात आधी उसळ आणि भाजी वाढा, भाकरी नंतर. वजन उतरताना स्नायूही उतरतात, आणि इंजेक्शनवर भूकच मेली की माणूस नेमकी डाळ-उसळ टाकतो आणि दोन बिस्किटांवर दिवस काढतो. मटकी, हरभरा, अंडी, मासे, दही यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं, आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम. चालणं पुरेसं नाही.

---

मधली सुट्टी

भाकरतुकडा, चिक्कीवर असा राग नको हो. :)

एक शंका: पीटी वाढलं म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करतात, ते बरोबर का?

---

यकृतायन

बहुतेक वेळा चूक. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित आहे, आणि या रुग्णांत मृत्यूचं पहिलं कारण यकृत नसून हृदय असतं. पीटी ७०-८० आहे म्हणून स्टॅटिन थांबवणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून पायाची दुरुस्ती थांबवणं. सिरोसिस होऊन पोटात पाणी, कावीळ असं काही सुरू झालं असेल तर तो निर्णय वेगळा, डॉक्टरांनी घ्यायचा.

आणि एक राहिलं. सोनोग्राफीत चरबी दिसली म्हणून पीटी वाढण्याचं कारण सापडलं असं धरू नका. हिपॅटायटिस बी साठी एचबीएसएजी आणि सी साठी अँटी-एचसीव्ही एकदा तरी तपासा. चरबी आणि बी विषाणू एकाच यकृतात सुखाने नांदतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्हींची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत.

---

काचपट्टी

सिरोसिसचं निदान झालेल्यांसाठी थोडक्यात, कारण इथे नवं ज्ञान रोजच्या कामाचं आहे. फायब्रोस्कॅन २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा शोधायला लगेच एंडोस्कोपी लागत नाही. पोर्टल व्हेनमधला दाब वाढलेला असेल तर कार्व्हेडिलॉलसारखं बीटा ब्लॉकर रक्तस्राव व्हायची वाट न बघता देतात. २०१९ च्या स्पॅनिश चाचणीत २०१ रुग्णांपैकी औषधाच्या गटात १६ टक्के जण पुढे ढासळले किंवा दगावले, साखरगोळीच्या गटात २७. आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कर्करोगाच्या गाठीसाठी. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून हीच तपासणी सगळ्यात आधी गाळली जाते.

---

शंकासूर

ठीक, गणित करून बघतो म्हणणाऱ्यांसाठी शेवटचं विचारतो. डेंग्यूतून उठलेल्या माणसाने फिब-४ कधी काढायचं?

---

नळीतला नमुना

ताप उतरून दीड-दोन महिने जाऊ द्या. प्लेटलेट आठवड्याभरात सावरतात, पण एसजीओटी-पीटी त्यापेक्षा रेंगाळतं. सीबीसी आणि यकृताच्या तपासण्या एकाच दिवशी, एकाच वेळी काढलेल्या रक्तातून करून घ्या. मार्चमधल्या प्लेटलेट आणि ऑगस्टमधलं एसजीओटी एकत्र करून सूत्रात घालू नका. आणि आदल्या दोन-तीन दिवसांत जिम नको.